बांधाआडचा मुलूख : पेण ते रोहा

युरोपातील सुखवस्तू गृहस्थास चार दिवसांची सवड मिळाली, की तो बहुधा एखाद्या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशाची वाट धरतो. पोर्तुगालमधील डोरू नदीचे खोरे हा अशा प्रदेशांपैकी एक नामांकित प्रदेश होय. तेथील मद्याच्या मुलखाची सीमा १७५६ सालीच राजाज्ञेने आखून देण्यात आली. नदीच्या दोन्ही तीरांवर खडकाळ आणि उभे उतार आहेत. त्या उतारांवर माणसांनी पिढ्यानुपिढ्या दगडी ताली रचल्या, तालींमागे माती धरली आणि त्या मातीत वेल लावला. प्रवासी तेथे जातो, जुन्या गावांतून हिंडतो, पेला ओठांस लावतो आणि म्हणतो की, या मातीस काही निराळीच चव आहे. ती माती निसर्गाने तेथे आणून ठेवलेली नसून माणसाने अडवून धरलेली आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते.

महाराष्ट्रात असा प्रदेश कोणता, असे विचारल्यास कोणीही नाशिकच्या द्राक्षमळ्यांकडे बोट दाखवील. आणि ते योग्यही आहे. परंतु माणसाने अडवून धरलेली भूमी, तिच्यातून उपजलेली चव आणि तिच्या कडेने वसलेली जुनी गावे, ही तिन्ही एकत्र पाहावयाची असल्यास मुंबईकराने दोन-अडीच तासांचा प्रवास करून पेणेस उतरावे आणि तेथून सावकाश रोह्यापर्यंत जावे. पूर्वीचा हा कुलाबा जिल्हा. १ जानेवारी १९८१ पासून त्यास रायगड जिल्हा म्हणतात. गोव्याकडे धावणारा राष्ट्रीय महामार्ग पेणवरूनच जातो. दिव्याहून निघणारी आगगाडी १९८६ साली रोह्यापर्यंत पोहोचली, आणि पुढे १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेचा आरंभही रोह्यासच होतो. वाहने इतकी सोयीची झाली, की बहुतेक प्रवासी खिडकीतून हिरवी भातशेते पाहत पुढे निघून जातात. जो थांबतो, त्याच्याच वाट्यास हा मुलूख येतो.

पेण हे भोगावती नदीच्या काठचे गाव. भरतीच्या पाण्यावर मुंबईची गलबते जवळच्या अंतोरे बंदरास लागत. घाटावरचा माल बोरघाटाने उतरून तेथे येई आणि कोकणचा तांदूळ व मीठ वर जाई. गावाच्या पूर्वेस सांकशीचा किल्ला आहे. एके काळी या सबंध तालुक्यासच सांकशी तालुका म्हणत. याच तालुक्यातील गागोदे या लहानशा गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. आज मात्र पेण म्हटले की घरोघर आठवतो तो गणपती. भाद्रपदाच्या कितीतरी महिने आधीपासून पेणच्या गल्ल्यांत, तसेच हमरापूर, जोहे अशा गावांत अंगणे, पडव्या आणि माळे मूर्तींनी भरून जातात. कोणी साचा काढतो, कोणी हात-पाय जुळवितो, कोणी रंग चढवितो. आणि डोळ्यांची आखणी मात्र त्यात निष्णात असलेल्या कारागिराकडेच जाते. येथून मूर्ती मुंबई-पुण्यास जातात, तशा समुद्रापलीकडच्या मराठी घरांतही जातात. श्रावणात जाणाऱ्या प्रवाशाने मुलांना हे काम अवश्य दाखवावे. डोळे आखले जाण्यापूर्वीची आणि नंतरची मूर्ती एकाच ठिकाणी पाहणे हा एक निराळाच अनुभव आहे.

गावातून पश्चिमेकडे, खाडीच्या अंगाने निघाले, की जमीन एकदम सपाट होते. या पट्ट्यास खारेपाट म्हणतात. प्रवाशास प्रथम येथे पाहण्यासारखे काहीच दिसत नाही. चहूकडे भाताची खाचरे, मध्ये उंचवट्यावर एखादे गाव, गावाशेजारी एक तळे, आणि दूर क्षितिजाशी मातीची एक लांबच लांब काळसर रेघ. ती रेघ म्हणजेच या मुलखाचा खरा किल्ला. तिच्या अलीकडे भात आहे आणि पलीकडे समुद्राचे पाणी आहे. आणि उधाणाच्या भरतीस ते पाणी अलीकडच्या शेताहून उंच चढते.

या बांधाची रचना समजून घेण्याजोगी आहे. खाडीच्या चिखलातून मातीचा बांध घालावयाचा, त्यास समुद्राच्या बाजूने दगडांचे अस्तर द्यावयाचे, आणि जेथे ओहोळ खाडीस मिळतो तेथे उघाडी बसवावयाची. उघाडी म्हणजे बाहेरच्या बाजूस उघडणारी झडप. ओहोटी लागली की आतील पावसाचे पाणी तिला लोटून बाहेर जाते. भरती आली की समुद्राचेच पाणी तिला दाबून बंद करते. तिला पहारेकरी नको की यंत्र नको. चंद्राच्या गतीनेच ती दिवसातून दोनदा उघडते आणि दोनदा मिटते. पावसाळ्याच्या पहिल्या सरी मातीतील खार धुऊन नेतात, आणि तो धुतला गेला म्हणजे मोड आणलेले भाताचे बी खाचरात फेकले जाते. खाऱ्या जमिनीस मानवणारे तांबड्या दाण्याचे राता भात येथील जुने धान्य होय. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २ व ३ असे नवे वाण काढले.

हे काम एकट्या-दुकट्याचे नव्हे. जुन्या काळी अशी जमीन समुद्रापासून सोडविणाऱ्यास शिलोत्रीदार म्हणत, आणि बांधाच्या डागडुजीपोटी शेतकऱ्यांकडून त्यास भाताचा जादा वाटा मिळे. त्या वाट्याच्या मोबदल्यात बांध शाबूत ठेवणे हे त्याचे कर्तव्य असे. बांध फुटला तर घरटी एक माणूस टोपली-फावडे घेऊन धावे, मग ती मध्यरात्र का असेना. कारण एका ठिकाणी खांड पडली तर ती एकाच्या शेताची हानी नसून सबंध गावाची असते. खारे पाणी एकदा आत शिरले, की पुढील दोन-तीन पावसाळे तरी त्या मातीस अन्न देता येत नाही. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींसंबंधी कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्र शासनाने नवा कायदा केला, आणि बांध राखण्याचे दायित्व बव्हंशी सरकारी खात्याकडे गेले.

या बांधाच्या आत-बाहेर जे जे पिकते, त्यानेच येथील स्वयंपाकघर भरलेले आहे. भात निघाले म्हणजे त्याचे पोहे होतात. भात भिजवावयाचे, भाजावयाचे आणि गरम असतानाच कुटावयाचे, ही क्रिया ऐकावयास सोपी. परंतु किती भिजवावे आणि किती भाजावे हे हातास ठाऊक असावे लागते. पेणचे पोहे, पोह्यांचे पापड आणि मिरगुंडे यांचा लौकिक मुंबईच्या वाण्यापर्यंत पोहोचलेला आहे; आणि त्या पापडांवर कित्येक घरांतील स्त्रियांनी संसार उभे केले आहेत. बांधाबाहेरच्या मिठागरांत फाल्गुन-चैत्रात मीठ पिकते. या आगरांवरूनच आगरी समाजाचे नाव पडले, असे सांगतात. शेत, आगर आणि खाडी, या तिन्हींवर सारखाच हात चालविणारा हा कष्टाळू समाज होय.

गावाशेजारच्या तळ्याचा उल्लेख वर आलाच आहे. त्या तळ्यात जिताडा वाढतो. समुद्राजवळ जन्मलेली त्याची पिले पावसाळ्यात खाडीवाटे आत येतात. ती धरून तळ्यात सोडतात, आणि दोन-तीन वर्षांत तो चांगला थोराड होतो. खारे आणि गोडे या दोन्ही पाण्यांत नांदणारा हा मासा म्हणजे जणू या मुलखाचाच स्वभाव. त्याचे कालवण आणि तांदळाची भाकरी ज्याने खारेपाटातील घरी बसून खाल्ली, तो दुसऱ्या माशाचे नाव लवकर काढीत नाही.

भातामागून, जमिनीच्या उरल्या ओलीवर आणि थंडीच्या दहिवरावर वाल येतो. त्यास पाणी देणे नाही की फारशी मशागत नाही. पेण, अलिबाग व रोहा या भागांतला कडवा वाल लहान दाण्याचा, किंचित कडसर आणि शिजल्यावर लोण्यासारखा मऊ होणारा. तो रात्रभर भिजवावा, फडक्यात बांधून मोड आणावेत, पुन्हा कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावा, तेव्हा त्याचे बिरडे होते. ज्यांना सोलण्याचा कंटाळा त्यांनी बिरड्याची आशा धरू नये. शेतात ओल्या शेंगा भरल्या, की मार्गशीर्ष-पौषाच्या रात्री पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालतात, त्यावर वालाच्या शेंगा, जाडे मीठ व ओवा. कोणी बटाटे-कांदे, तर कोणी अंडी वा कोंबडीही घालतात. पाण्याचा थेंबही न घालता पुन्हा पाल्याने तोंड बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करतात. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून पाहतात. ते चुरचुरून क्षणात उडाले की पोपटी झाली असे समजावे. त्या वासासाठी मुंबईत नोकरीस असलेला मुलगा शनिवारच्या गाडीने गावी येतो. शेजारच्या अलिबाग तालुक्यातील पांढरा कांदाही याच कुळातला. भातानंतरच्या जमिनीत तो होतो, पातीसकट वेणी घालून त्याच्या माळा करतात, आणि चवीस तो इतका सौम्य की कच्चाच खावा. त्यास आता सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

डोरूच्या खोऱ्यातून आलेला पाहुणा येथे एक प्रश्न हटकून विचारील : या भूमीचे पेय कोणते? उत्तर माड आणि ताड यांच्या शेंड्यावर आहे. भंडारी पहाटे झाडावर चढतो, पोयीस बारीक छेद देतो आणि खाली गाडगे बांधतो. सूर्योदयापूर्वी उतरविलेला रस ती नीरा : गोड, थंड आणि निरुपद्रवी. ऊन चढू लागले की हवेतील किण्व आपले काम करू लागते आणि नीरेची माडी वा ताडी होते. संध्याकाळपर्यंत ती आंबते आणि पुढे तिचा शिरका होतो. द्राक्षाचे मद्य वर्षानुवर्षे कोठीत मुरते आणि म्हणून दूरदेशी जाऊन नाव मिळविते. माडीचे आयुष्य एका दिवसाचे, म्हणून ती जेथली तेथेच राहिली. १८७८ च्या अबकारी कायद्याने झाडांवर भारी कर बसला, तेव्हा ठाणे-कुलाब्याच्या बागाईतदारांत मोठी नाराजी पसरली होती. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तर हा धंदा बराच मोडला. आज परवान्यानेच तो चालतो आणि चढणारे हातही कमी झाले आहेत. प्रवाशाने माडी चाखावीच असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु पहाटे उठून पेलाभर नीरा घ्यावयास कोणाचीच हरकत नसावी.

पेणहून दक्षिणेस निघाले, की वडखळ लागते. येथून एक फाटा अलिबागेस जातो, आणि जवळच धरमतर खाडीच्या काठी डोलवीस पोलादाचा प्रचंड कारखाना उभा आहे. पुढे अंबा नदीवर नागोठणे. तेथे १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अल्लाउद्दीनने बांधविलेला दगडी पूल आजही पाहावयास मिळतो. तो इतका अरुंद आहे, की त्या काळच्या प्रवासाची कल्पना त्यावर उभे राहिल्यानेच यावी : पायी माणूस, लादलेला बैल आणि फार तर एखादी पालखी.

नागोठण्याहून डोंगर ओलांडला की कुंडलिकेचे खोरे. नदीच्या उत्तर तीरी अष्टमी आणि दक्षिण तीरी रोहा. दोहोंची नगरपालिका एकच. १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी मुंबईहून निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन चौलहून याच नदीने अष्टमीपर्यंत आला आणि तेथून निजामपूरवरून रायगडास गेला. नदीच्या उत्तरेस अवचितगड आहे. दाट झाडीतून चढून गेल्यास वरून कुंडलिकेची वळणे आणि तिच्या काठची भातशेते एका दृष्टीत मावतात. दक्षिणेकडे घोसाळगड आहे. त्याच्याही पुढे, तळे तालुक्यात, मांदाडच्या खाडीजवळ कुडे येथील बौद्ध लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील शिलालेखांत दानकर्त्यांची नावे आहेत, आणि त्यांत महाभोज घराण्यातील मंडळींबरोबरच एक माळी आहे, एक लोखंडाचा व्यापारी आहे आणि एक वैद्यही आहे. राजांबरोबर माळ्याचे नावही दगडावर कोरून ठेवणारा हा मुलूख आहे, हे प्रवाशाने लक्षात घ्यावे.

रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या पालखीस पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते, आणि तो सोहळा पाहण्यास दूरदूरचे रोहेकर घरी परततात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे बालपण याच गावी गेले. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली येथेच जन्मले. जुन्या कायस्थ प्रभू घरांमुळे रोह्याचे ताटही घरंदाज आहे. वालाचे बिरडे, सोड्यांची खिचडी, श्रावणात निनाव आणि दिवाळीत खाजाचे कानवले, हे पदार्थ खाणावळीत क्वचितच मिळतात. त्यासाठी ओळखीचे घर असावे लागते. आणि ओळख नसल्यास रोहेकर ती करून घेण्यास उशीर लावीत नाही.

उन्हाळ्यात इतर नद्या आटतात तेव्हाही कुंडलिका वाहती असते. याचे कारण घाटावर आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहात वीज निर्माण करून या नदीत सोडले जाते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. त्या पाण्यावर कोलाडजवळ आज तरुण मंडळी रबरी होड्या हाकतात. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह लढविला, त्याच धरणाचे हे पाणी आहे, याची आठवण होडीत बसणाऱ्यास कोणी करून दिल्यास बरे होईल.

असा हा मुलूख. तो सुंदर आहे, जुना आहे आणि रुचकर आहे. परंतु तो सुरक्षित नाही, आणि या भाषणाचा रोख तेथेच आहे. बांध सरकारच्या ताब्यात गेला, तेव्हापासून तो कोणाचाच राहिला नाही, अशी खारेपाटात पुष्कळांची तक्रार ऐकू येते. घरटी माणूस आता नोकरीस बाहेर आहे; खांड पडली तर अर्ज करावा लागतो, आणि अर्जाचे उत्तर येईपर्यंत भरती थांबत नाही. खांड वेळीच बुजली नाही, की खाचरात कांदळवन उगवते. कांदळवन हीदेखील मोलाची वस्तू आहे; ते किनारा राखते आणि माशांच्या पिलांना आसरा देते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ सालच्या आदेशापासून त्याच्या तोडीस सक्त मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्याच्या आजोबांनी भात पिकविले त्या शेतात, केवळ बांध राखला गेला नाही म्हणून, कांदळ उभे राहते, तेव्हा त्या शेतकऱ्याने काय करावे, याचे उत्तर त्यास कोणी देत नाही. त्यातच खारेपाटातील कित्येक गावांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वाट पाहावी लागते, आणि याच तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईकडे जाते.

तरीही या लोकांनी भूमी सहजासहजी सोडलेली नाही. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी येथील शेती घेण्याचे ठरले, तेव्हा विरोध इतका वाढला, की हेटवण्याच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनास जमीनधारकांचे मत घ्यावे लागले. शेतकऱ्यास त्याच्या जमिनीविषयी विचारण्याची ही रीत या देशात विरळाच. ते क्षेत्र पुढे झाले नाही, आणि त्या खाचरांत भात राहिले.

तेव्हा पेण-रोह्यास जाणाऱ्या कुटुंबाने एवढे करावे. आश्विनानंतर जावे, म्हणजे भात, वाल आणि पोपटी यांचा काळ साधतो. गड पाहावेत, लेणी पाहावीत, मूर्तिकाराच्या माळ्यावर थोडा वेळ बसावे. आणि एक संध्याकाळ राखून ठेवून, गावातल्या एखाद्या वृद्धास सोबत घेऊन, ओहोटीच्या वेळी बांधावर जावे. उघाडीतून गोडे पाणी समुद्रात कसे जाते, ते मुलांना दाखवावे आणि भरती लागून झडप मिटेपर्यंत तेथेच थांबावे. बांध कोणी घातला, शेवटची खांड केव्हा पडली आणि ती कोणी बुजविली, हे त्या वृद्धास विचारावे. तो सांगावयास उत्सुकच असतो, विचारणारेच कमी झाले आहेत. परतताना पोह्यांचा पुडा घरी येईलच. तो सकाळी फोडणीस पडेल, तेव्हा त्या मुलांपैकी एखाद्यास तरी ती झडप आठवावी, म्हणजे सहलीचे सार्थक झाले.